व्हॅलेन्सियातला सव्वा महिना

स्पेनहून परतले त्या आठवड्यात आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत मला भेटेल त्याने एकच प्रश्न विचारला. "मग, काय काय पाहिलंत?" पहिल्या तिघींना मी शहाण्यासारखं सांगितलं, समुद्र पाहिला, जुनं चर्च पाहिलं, रस्त्याच्या कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडं पाहिली. चौथीला मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "धुणं पाहिलं. समोरच्या म्हातारीचं." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. शेवटच्या महिन्यात मी थोडंफार फिरले, ते खरं आहे, पण त्याआधीचे दिवस मी धुणंच पाहत होते.

माझी लेक आणि जावई सहा वर्षांपासून व्हॅलेन्सियात आहेत. दोघंही कॉम्प्युटरवर काहीतरी करतात, ते त्यांनी मला दोनदा समजावलं आणि दोनदा मी मान हलवली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. लेकीला तेवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून माहेरच विमानात बसून गेलं. नवऱ्याला रजा नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. नव्वद दिवसांचा व्हिसा मिळाला. मी मनाशी बेत केला होता, चाळीस दिवस बाळंतिणीचे आणि उरलेले पन्नास माझे. लग्नाआधी मी एकटीने लालबाग ते दादर चालत जायचे, मला शहरं पायांनी बघायला आवडतात.

बॅग भरली माझ्या आईने. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. लालबागला भावाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघे गेले, त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून ती जिना उतरलेली नाही. पण बॅग भरायला तिला कोणाची मदत लागली नाही. डिंक, अळीव, खारकेची पूड, ओवा, बाळंतशेपा, वेखंड, जुन्या सुती लुगड्याची दुपटी. सगळ्यात वर तिने एक मऊ, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं फडकं ठेवलं. "ह्या कानाक बांधूचा. पयल्या दिवसापासना. वारो लागता कामा नये." हेच फडकं तिने माझ्या कानाला बांधलं होतं, बत्तीस वर्षांपूर्वी.

तेही आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं बाळंतपण आईकडे लालबागला झालं. एक खोली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, बंद खिडकी. सोयर फिटलं, बारसं झालं, आणि बाविसाव्या दिवशी अनंत चतुर्दशी आली. लहानपणापासून त्या दिवशी मी गॅलरीत पहिल्या रांगेत असायचे. सकाळीच मिरवणूक निघायची, वरून आम्ही फुलं टाकायचो, मूर्तीचा मुकुट आमच्या पायांच्या उंचीला यायचा. मी आईला म्हटलं, फक्त गॅलरीत उभी राहते, पाच मिनिटं. आई नाही म्हणाली. मी बाळाला खाली ठेवून उठले तर तिने दाराची कडी लावली आणि दाराला पाठ लावून खाली बसली. खाली ताशा वाजत होता, अख्खी चाळ गॅलरीत ओरडत होती, दाराच्या फटीतून गुलाल आत येत होता, आणि मी बाजेवर बसून रडत होते. त्या दिवशी मी शपथ घेतली की माझ्या पोरीला मी असं कधी कोंडणार नाही.

शपथ घेणं सोपं असतं. व्हॅलेन्सियाला नात झाली, तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या आणि मी पहिलं काम केलं ते खिडक्या लावण्याचं. खाण तशी माती.

तिथे खिडक्यांना बाहेरून एक गुंडाळता येणारा पडदा असतो, पट्टा ओढला की खाली येतो आणि भर दुपारी खोलीत काळोख होतो. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांचे पडदे मी खाली ओढले. उघडी राहिली ती फक्त स्वयंपाकघरातली खिडकी, आणि ती उघडायची इमारतीच्या पोटातल्या एका चौकोनी विहिरीवर. चारी बाजूंना लोकांची स्वयंपाकघरं, मध्ये कप्पीवरून जाणाऱ्या धुण्याच्या दोऱ्या. दोरी ओढली की कपडे सरकत समोर जायचे. समोरच्या खिडकीत एक म्हातारी रोज तेच करायची. लेक झोपली की मी तिथे उभी राहायचे. सारं स्पेन मला त्या विहिरीतून कळायचं.

सकाळी दहाला कोणाकडे तरी लसूण ऑलिव्हच्या तेलात पडायचा. लेक म्हणायची, इथे दहाचं खाणं मोठं असतं, माणसं कामावरून उठून खाली जातात, हातभर पावात ऑम्लेट नाहीतर सॉसेज भरून घेतात, सोबत शेंगदाणे, ऑलिव्ह आणि गडी माणसं तर बिअरसुद्धा. दुपारी दोननंतर ताटांचा आवाज. रविवारी केशर घातलेल्या भाताचा वास, आणि त्यांचा भात ताटात यायलाच तीन वाजायचे. आमच्याकडे तेव्हा जेवून, भांडी घासून माणसं वामकुक्षीतून उठायच्या बेतात असतात. संध्याकाळी सगळी इमारत रिकामी व्हायची. म्हातारे, पोरं, कुत्री, सगळे खाली. मला खालून नुसता कलकल आवाज यायचा, आणि मी अळीवाची खीर ढवळत असायचे. मला त्या लोकांचा रागच यायचा. एवढं काय असतं खाली रोज?

दिवसातून एकदा मी वीस मिनिटं बाहेर पडायचे, मंडईत. तिथली मासळीवाली मला पहिल्या दिवशीच आवडली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कानात सोन्याचे झुबे, आवाज थेट आमच्या वरळी कोळीवाड्यातला. मला मोरी हवी होती. मोरीचं कालवण खाल्लं की बाळंतिणीला दूध भरपूर येतं, हे आमच्या मालवणी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. पण स्पॅनिशमध्ये मोरीला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मी डोक्यावर हाताचा पंख उभा केला. तिला शार्क कळला. मग कशासाठी हवी हे सांगायला मी छातीला हात लावला आणि बाळ पाजल्याची खूण केली. बाईने डोळे विस्फारले. तिने शेजारच्या गाळ्यावरच्या दोघींना हाक मारली, मला पुन्हा तेच करायला लावलं, आणि चौघी मिळून पोट धरून हसलो. मोरी निघाली मात्र. सोलून, तुकडे करून, वर मूठभर पार्सली तिने फुकट घातली. त्या वीस मिनिटांत मी किती सुखी होते ते मला आता कळतं. घराच्या दाराशी आले की चेहरा पुन्हा बाळंतिणीच्या आईचा करायचे.

आईचा फोन रोज साडेसहाला, दिवाबत्ती झाली की. तिकडे तेव्हा दुपारचे दोन. आणि मार्च लागल्यावर तिथे रोज बरोबर दोनला मोठ्या चौकात फटाके सुरू झाले. त्यांचा फायास नावाचा सण असतो. गल्लोगल्ली कागदाच्या आणि लाकडाच्या दोन-दोन मजली मूर्ती उभ्या करतात आणि शेवटच्या दिवशी जाळून टाकतात. फटाके रोषणाईचे नव्हेत, नुसते आवाजाचे, भर उन्हात. पाच मिनिटं इमारत हादरायची. आई फोनवर ओरडायची, "कसलो आवाज तो? खिडकी उघडी ठेवलंस की काय?"

"बंद आहे गं आई."

"पोरीच्या कानाक बांधलंस मा?"

"बांधलंय."

लेक पलंगावर बसून ऐकत असायची. डोक्याला फडकं, अंगात स्वेटर, समोर डिंकाचा लाडू. फटाके संपले की चौकातून माणसांचा एकच जल्लोष यायचा. तेव्हा ती पडद्याकडे मान वळवायची. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

बाराव्या दिवशी मी धुरी केली. जावयाच्या गॅलरीत मांस भाजायचे कोळसे होते, ते लोखंडी तव्यात पेटवले, वर ओवा, बाळंतशेपा, वेखंड. बाळाला शेकलं, लेकीला शेकलं. धूर स्वयंपाकघराच्या खिडकीतून विहिरीत गेला. दोन मिनिटांत दार ठोठावण्याचा आवाज. उघडलं तर समोरची म्हातारी, धुणंवाली, हातात ओला टॉवेल घेऊन आग विझवायला आलेली. तिने आत पाहिलं. काळोखी खोली, धूर, डोकं गुंडाळून पलंगावर बसलेली पोरगी. म्हातारीचा हात खाली आला, तिने छातीवर क्रूस काढला आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी लेकीला विचारलं.

"विचारतेय, घरात कोण वारलं?"

लेक हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली ते मला कळलंच नाही. म्हातारी तिच्याजवळ जाऊन बसली, आणि मी तवा हातात घेऊन मध्येच उभी.

दोन दिवसांनी म्हातारीने कोंबडीच्या रश्शाचं पातेलं आणलं. तिला आता उलगडा झाला होता. ती बोलत होती, लेक सांगत होती. त्यांच्या खेड्यातही पूर्वी बाळंतीण चाळीस दिवस घरात असायची. डोक्यावरून पाणी नाही, बाहेर पाऊल नाही, रोज कोंबडीचा रस्सा. मला आभाळ ठेंगणं झालं. "बघ!" मी लेकीला म्हटलं. "इथेसुद्धा! माझ्या मनचं नाहीये काही."

"पुढचं ऐक ना," लेक म्हणाली. "ती म्हणतेय, म्हणून माझ्या मुलीला मी चौथ्या दिवशी उन्हात नेऊन बसवलं."

मी रश्शाचं पातेलं रिकामं करून घासून परत दिलं. त्या दिवशी म्हातारीने दोरी ओढून धुणं वाळत घातलं तेव्हा मी खिडकीपासून बाजूला झाले.

आता जे सांगायचं ते मी घरी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्या घराच्या दाराला बाहेरून किल्ली फिरवली की आतूनही किल्लीशिवाय उघडत नाही. मी मंडईत जाताना किल्ली फिरवायचे. सुरुवातीला लेकीची झोपमोड नको, कोणी बेल वाजवून आत शिरायला नको, असं काहीतरी स्वतःला सांगायचे. जावई आपली किल्ली घेऊन कामावर जायचे, एक किल्ली माझ्याकडे असायची, दुसरी दाराजवळच्या खुंटीवर. पंचविसाव्या दिवशी निघताना मी खुंटीवरचीही उचलून पर्समध्ये टाकली. चुकून नव्हे. आदल्या दिवशी लेक म्हणाली होती, उद्या मी खाली जाऊन येते, पाच मिनिटं.

परत आले, दार उघडलं. लेक दारातच उभी. पायात बूट, बाळ छातीशी. किती वेळ उभी होती कोण जाणे. बाळ झोपलेलं होतं. तिने माझ्या पर्सकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं.

"आई, दर अनंत चतुर्दशीला तू मला ती गोष्ट सांगतेस," ती म्हणाली. "आजीने दाराची कडी लावली, गुलाल फटीतून आत आला, ताशा वाजत होता. लहानपणापासून ऐकतेय. आता मी हिला कोणती गोष्ट सांगू?"

माझ्या हातात भाजीची पिशवी होती. ती मी कुठे ठेवली ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. बत्तीस वर्षं मी आईला मनात एका जागी बसवून ठेवलं होतं, दाराला पाठ लावून. ती जागा आता माझ्यासाठीही तयार होत होती, आणि व्हिसा संपून मी निघून गेल्यावर ही पोरगी मला तिथेच ठेवणार होती. फोन करील, औषधं विचारील, सणाला पैसे पाठवील. पण ठेवील तिथेच. मी तरी माझ्या आईचं वेगळं काय केलं?

दोन्ही किल्ल्या मी खुंटीवर लावल्या. 

दुसऱ्या दिवशी सणाचा शेवटचा दिवस. दीड वाजता मी स्वतःच लेकीला म्हटलं, "चल." ती बूट घालायला वाकली. मी बाळाला दोन दुपट्यांत गुंडाळलं, आणि आईने दिलेलं ते फडकं लेकीच्या डोक्यावरून काढून बाळाच्या टोपीवरून, कानांवरून घट्ट बांधलं. "एवढं राहू दे," मी म्हटलं. "फटाके आहेत." लेक म्हणाली, "राहू दे." लिफ्टमध्ये ती माझ्या दंडाला धरून उभी होती. तिला चक्कर येत होती, इतके दिवस ती चाललीच नव्हती.

चौकात आम्ही गेलोच नाही, चार गल्ल्या अलीकडे एका बाकावर बसलो. ऊन इतकं होतं की लेकीने डोळे मिटून घेतले. रस्ताभर माणसं, म्हाताऱ्यांच्या केसात खोचलेली फुलं, बायका जरीच्या फुग्याच्या घागऱ्यांत, गल्लीच्या तोंडाशी दोन मजली कागदी राणी, तिचं नाक कोणा पुढाऱ्यासारखं केलेलं. कोपऱ्यावर एक बाई मोठ्या कढईत काहीतरी तळत होती. सोबत घट्ट गरम चॉकलेट. थंड काही नाही ना, हे मी तरीही विचारून घेतलं. एक तुकडा तोंडात टाकला आणि थांबले. लाल भोपळा! पिठात कालवून, मध्ये भोक पाडून तळलेला.

"अगं, हे तर आपले घारगे!"

"तेच सांगतेय तुला मी सहा वर्षं," लेक म्हणाली. तिच्या ओठांना साखर लागली होती. ती भराभर खात होती, कोणी हातातून काढून घेईल अशी. मी मागून आणखी चार घेतले.

तेवढ्यात फोन वाजला. दोन वाजायला मिनिटभर होतं. आई, दिवाबत्ती करून. व्हिडिओ कॉल. मला खोटं बोलता आलं असतं, न उचलता आलं असतं. मी उचलला. आईच्या तोंडावर लालबागच्या खोलीतल्या ट्यूबचा उजेड होता. तिने डोळे बारीक केले. माझ्यामागे ऊन, माणसं, जरीचे घागरे.

"खंय असस तू?"

"रस्त्यावर."

"आणि पोर?"

"तीपण. दोघीपण."

मी फोन लेकीकडे वळवला. आईने पाहिलं, उघडं डोकं, साखरेचं तोंड, मांडीवर बाळ. मी शिव्यांची वाट पाहत होते. तेवढ्यात फटाके सुरू झाले. चार गल्ल्यांपलीकडून आधी एकेक, मग ताशासारखे तडतड, मग जमीन थरथरली. बाळाने झोपेतच ओठ हलवले आणि पुन्हा झोपलं. सगळा रस्ता मान वर करून पांढऱ्या धुराकडे पाहत होता. मीही. पाच मिनिटं मी फोनचं भानच ठेवलं नाही.

आवाज थांबला, माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी फोन चेहऱ्यासमोर आणला. आई अजून तिथेच होती, फोन डोळ्यांशी धरून.

"आई, रागावलीस?"

"बाळाच्या कानाक बांधलंस, ता बरा केलंस," ती म्हणाली. मग तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. "तुका त्या दिवशी मी गॅलरीत पाठवूक नाय."

मला वाटायचं हे फक्त मलाच आठवतं. बत्तीस वर्षांत तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. "तुला आठवतं?" मी विचारलं.  "मला त्या वर्षीचा गणपती दिसला नाही गं आई."

"आठवता तर," आई म्हणाली. "माका तरी खंय दिसलो? दाराक पाठ लावन मीच बसललंय मा."